खंड बाइंडिंगला गेला होता

विद्यार्थी सरांना 'तळटीप' म्हणायचे. तोंडावर नाही म्हणायचे, तोंडावर 'सर'च. पण नाव अगदी चपखल होतं. कुठल्याही समारंभाच्या फोटोत सर सापडायचे ते कडेला, अर्धा खांदा कापलेले. बैठकीत बोलले तर सगळ्यांच्या शेवटी आणि इतक्या हळू, की इतिवृत्त लिहिणारा कारकून पेन थांबवून विचारायचा, "काय म्हणालात?" मग सर म्हणायचे, "काही नाही, जाऊ द्या."

मी त्या लॉ कॉलेजात तेहतीस वर्षं ग्रंथपाल होते. सर एकतीस वर्षं प्राध्यापक. एवढ्या काळात नवऱ्याशी बोलले नसेन इतकं मी त्या माणसाशी पुस्तकांवरून भांडले. तेव्हा त्यांच्याबद्दल सांगायचा हक्क मला आहे असं मी समजते, आणि कुणाला तसं वाटत नसेल तर त्याने वेगळं लिहावं.

सरांचा विषय धर्म आणि शिक्षण यांचा कायदा. म्हणजे शाळा धर्मसंस्थेची असली, तर तिथल्या मुलाने काय शिकायचं, काय म्हणायचं आणि काय नाकारायचं, हे ठरवणार कोण? आईबाप, शाळा की सरकार? गुन्ह्यांच्या कायद्याच्या तासाला खिडकीत पोरं बसायची. मालमत्तेच्या तासाला बाहेरच्या कॉलेजातली येऊन बसायची. सरांच्या तासाला अकरा जण, त्यातले चार त्या वर्गातला पंखा चांगला म्हणून. सरांना ते माहीत होतं. हजेरी घेताना ते त्या चौघांकडे बघून म्हणायचे, "वारा लागतोय ना नीट?"

आयुष्य सगळं एका चाकोरीत गेलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, दोन कपाटं, एक डुगडुगती खुर्ची. तिच्या पायाखाली घडी घालून ठेवलेला कागद हा सरकारी समितीचा अहवाल होता, त्यांनीच लिहिलेला. अशा तीन समित्यांवर ते होते. शाळांमधल्या धर्मशिक्षणाचं काय करावं हे सरकारने त्यांना तीनदा विचारलं आणि तीनदा ऐकलं नाही. अहवालांचे गठ्ठे शेवटी माझ्याकडे आले, आणि मी ते वरच्या फळीवर टाकले, कारण खालच्या फळीवर लोक मागतात ती पुस्तकं ठेवायची असतात. प्राचार्यपद दोनदा हुकलं. एकदा तर जो प्राचार्य झाला तो सरांचाच विद्यार्थी. सर पेढीवरच्या गुमास्त्यासारखे खाली मान घालून त्याच्या सहीसाठी फायली घेऊन जायचे. मला संताप यायचा. त्यांना यायचा नाही. त्यांना आयुष्यात फक्त एका गोष्टीचा संताप येताना मी पाहिलाय, तो म्हणजे हेडनोटचा.

हेडनोट म्हणजे काय ते सांगते. निकालांचे खंड छापतात तेव्हा प्रत्येक निकालाच्या डोक्यावर चार-सहा ओळींचा सारांश असतो. तो न्यायाधीशाने लिहिलेला नसतो, छापणाऱ्यांच्या माणसाने लिहिलेला असतो. चाळीस पानं वाचायचा कंटाळा असलेले लोक तेवढ्यावर भागवतात. सर पहिल्याच तासाला फळ्यावर हात आपटून सांगायचे, "हेडनोट म्हणजे दुकानाची पाटी. पाटी वाचून माल घेऊ नका. आत जा." एकतीस वर्षं, दर वर्षी, तेच वाक्य, तोच हात. परीक्षेत कुणी हेडनोट उतरवली की सर ओळखायचे आणि शून्य द्यायचे. त्या बाबतीत दयामाया नाही.

त्यांचं एक पुस्तक होतं. एकच, पण सात आवृत्त्या निघालेलं, जाडजूड. त्या विषयावर दुसरं धड पुस्तकच नव्हतं, त्यामुळे वकिलांच्या टेबलावर ते, न्यायाधीशांच्या कपाटात ते. सरांना कुणी ओळखत नसे, पण 'ते पुस्तक' सगळे ओळखत. निवृत्तीला महिना उरला होता आणि आठवी आवृत्ती छापखान्यात जायची होती. मोठ्या सभागृहाला सरांचं नाव द्यायचं असं घाटत होतं. सरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, समारंभासाठी त्यांना नवा शर्ट घ्यायला लावला. त्यांची दाढ दुखत होती, गुडघे गेले होते, जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबून ते नोटीस बोर्ड वाचल्याचं सोंग करायचे. एवढा महिना ढकलला की सुटलो, असं त्यांचं चाललं होतं.

आणि त्यातच एका सोमवारी आमचा बाइंडर आला.

बाइंडर म्हणजे आमच्या खंडांना पुठ्ठे घालणारा. त्याच्या आधी त्याचे वडील ते काम करायचे. दर दोन महिन्यांनी येणार, फाटके खंड नेणार, शिवून, डिंक लावून, पाठीवर आकडे छापून परत आणणार. बोलणं कमी. त्या दिवशी त्याने मासिकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि तिथेच उभा राहिला.

"ताई, ते शाळांच्या कायद्याचं पुस्तक लिहिलेले सर आपल्याच इथले ना?"

"हो. का रे?"

"त्या पुस्तकाची पाठ मीच शिवलीय दोनदा. आत काय आहे ते माहीत नव्हतं." तो हसला नाही. "माझ्या मुलीचं नाव काढलं शाळेतून. त्या पुस्तकावरून काढलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलगी आठवीत. शाळा धर्मसंस्थेची, घराजवळची, चांगली. यांच्या घरची उपासना वेगळी. सकाळच्या प्रार्थनेला मुलगी सगळ्यांबरोबर उभी राहायची, पण तोंड मिटून. सात वर्षं कुणाला खटकलं नाही. यंदा नव्या मुख्याध्यापिका आल्या, त्यांना खटकलं. तीन नोटिसा, आणि मग हजेरीपटावरून नाव कमी. शाळेचं म्हणणं असं, की प्रवेशाच्या फॉर्मवर बापाने सही केली आहे, त्यात प्रार्थना म्हणावी लागेल असं छापलेलं आहे. खालच्या न्यायाधिकरणाने शाळेच्या बाजूने निकाल दिला, आणि निकालात सरांच्या पुस्तकाचं पान जसंच्या तसं उतरवलं. आता वरच्या न्यायालयात पुढच्या गुरुवारी तारीख होती. सरकारी मदतीतून मिळालेली एक तरुण वकीलबाई त्यांची बाजू मांडत होती. त्या गुरुवारी काही झालं नाही तर परीक्षेचे फॉर्म बंद होणार आणि पोरीचं वर्ष जाणार.

"घरी काय करते ती?" मी विचारलं.

"माझ्याबरोबर दुकानात बसते. पानं लावून देते. चांगली लावते," बाइंडर म्हणाला. "पण मला तिने पानं लावायला नको आहे, ताई."

मी सरांना खाली बोलावलं. खरं तर मला वाटत होतं, सर काहीतरी पळवाट सांगतील. पण सर सरच. वाचनाच्या टेबलाशी त्याला बसवून त्यांनी पुस्तक उघडलं, प्रकरण सहा, आणि अगदी प्रेमाने त्याला समजावलं की कायदा त्याच्या विरुद्ध आहे. जुना निकाल आहे, तेविसाव्या खंडातला. धर्मसंस्थेच्या शाळेने प्रवेशाच्या वेळीच सांगितलं असेल आणि पालकाने सही केली असेल, तर मुलाला प्रार्थना म्हणायला लावता येते. खाली टीप सत्तेचाळीस. "मला स्वतःला हे पटत नाही," सर म्हणाले, "पण मला पटणं आणि कायदा असणं या दोन गोष्टी आहेत."

बाइंडरने बोटाने टीप सत्तेचाळीस चाचपली, कागद कुठला आहे ते बघावं तशी.

"त्या केसमधे मुलगी होती का मुलगा?"

सर थांबले. "अं?"

"नाही, म्हणजे त्या वेळी काढलं ते मूल. त्याचं पुढं काय झालं? दुसऱ्या शाळेत घेतलं का त्याला?"

बापाने विचारावा असाच प्रश्न होता. वकिलाने कधी विचारला नसता. आणि सरांना उत्तर माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा मी ओळखते. आठवत नाही असा तो चेहरा नव्हता, कधी माहीतच नव्हतं असा होता. "बाई," ते मला म्हणाले, "तेविसावा खंड आणता का?"

मी गेले. खंड सगळ्यात आतल्या रांगेत होता. त्याच्या मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात देवघेवीचं कार्ड होतं, आणि ते कोरं होतं. अठ्ठावीस वर्षांत एकाही माणसाने तो खंड घरी नेला नव्हता. सरांचं पुस्तक वाचून ज्यांनी ज्यांनी तो निकाल उतरवला होता त्यांतल्या एकानेही नाही. कार्डाच्या मागे एक घडी केलेली चिठ्ठी होती. मी ती उलगडली. अक्षर सरांचं, पण तरुण. 'खंड २३ बाइंडिंगहून आल्यावर कळवावे. टीप ४७ तपासायची राहिली आहे.' खाली सही आणि तारीख, अठ्ठावीस वर्षांपूर्वीची.

मला सगळं आठवलं. ती चिठ्ठी सरांनी माझ्या टेबलावर ठेवली होती. त्या दिवसांत आमचं बोलणं बंद होतं. त्यांनी माझ्या नव्या सूचीच्या खणात चहा सांडला होता आणि वर 'सुकेल' म्हणाले होते. मी रागाच्या भरात चिठ्ठी कुठेतरी खुपसली. खंड बाइंडिंगहून आला, तेव्हा ती त्यातच घालून मी तो फळीवर लावून टाकला. कळवायचं राहिलं. की कळवायचं नव्हतं, देव जाणे. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने खंड घेऊन बाहेर आले.

सरांनी तो उभ्यानेच वाचायला घेतला. दहाएक पानं उभ्याने वाचली. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. बाइंडर हात मांडीवर ठेवून वाट बघत होता. अर्ध्या तासाने सर मान वर न करता म्हणाले, "मुलगा होता."

"मग?"

"तुम्ही उद्या या." एवढंच. बाइंडर गेल्यावर ते मला म्हणाले, "बाई, हे उलटं आहे."

हेडनोट लिहिणाऱ्याने शाळेच्या वकिलाचा युक्तिवाद उचलून न्यायालयाचा निर्णय म्हणून छापला होता. आत न्यायाधीशांनी नेमका तोच युक्तिवाद फेटाळला होता. सही असो की नसो, मुलाला सभागृहात हजर राहायला सांगता येईल, तोंड उघडायला लावता येणार नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. आणि त्या मुलाला शाळेत परत घ्या, असा हुकूम होता. त्या मुलाचा बाप जिंकला होता.

"प्रकाशक मागे लागला होता," सर स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होते. "खंड बाइंडिंगला गेला होता. म्हटलं, निकालांच्या वार्षिक सूचीत हेडनोट आहे, सध्या तेवढी घालू, खंड आला की तपासू. मग पहिली आवृत्ती निघाली. मग दुसरी." त्यांनी चष्मा काढला. "मी पोरांना शून्य दिलंय हो यासाठी."

चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. मी तोंड उघडलं नाही.

आता खरं तर पुढचं सरळ होतं असं तुम्हाला वाटेल. चूक सापडली, सांगून टाकायची. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी बाइंडर आला तर सर खोलीत नाहीत. तिसऱ्या दिवशी 'दाढ काढायला गेलेत' असा निरोप. मी वर जाऊन बघितलं, तर सर खोलीतच, दार लोटून, समोर निकालांचे खंड रचलेले. त्यांच्या पुस्तकावर विसंबून पुढे कोणी कोणी काय निकाल दिले ते ते शोधत होते.

"किती?" मी विचारलं.

"छापलेले अकरा. न छापलेले किती ते कोण सांगणार?" त्यांचा आवाज अगदी बसला होता. "अकरा मुलं, बाई. पहिला आता चाळिशीचा असेल."

"मग गुरुवारी तरी बारावं होऊ देऊ नका."

"आठव्या आवृत्तीत दुरुस्त करतो. प्रकाशकाला कळवतो आजच."

"आठवी आवृत्ती येईपर्यंत त्या पोरीचं वर्ष जाईल!"

सरांनी समोरचा खंड मिटला. मग म्हणाले, "बाई, मी फार दमलोय हो. तेवीस दिवस राहिलेत. एकतीस वर्षांत मी एकच गोष्ट केली, ते पुस्तक. समित्यांचे अहवाल तुम्ही फळीवर टाकलेत, बरोबरच केलंत. वर्गातली मुलं पंख्यासाठी यायची. माझं म्हणून हे एकच आहे. ते मी स्वतःच्या हाताने फाडू?"

मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि मला दोन्ही एकदम झालं की मी रागच बाहेर काढते. मी त्यांना नाही नाही ते बोलले. भित्रे म्हणाले, ढोंगी म्हणाले. फळ्यावर आपटलेला हात कुठे गेला, असं विचारलं. ते ऐकून घेत होते. आणि मी बोलत असताना माझी पर्स माझ्या काखेत होती, आत ती चिठ्ठी. स्वतःची लाज वाटते म्हणून माणूस दुसऱ्यावर किती चढ्या आवाजात ओरडू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

त्यात शाळेच्या वकिलाचा फोन. तो सरांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी, आम्ही त्याला 'युवराज' म्हणायचो. फोन मी समोर असतानाच आला, आणि आवाज मलाही ऐकू येत होता. "सर, गुरुवारी येऊन बसा ना कोर्टात. तुमच्याच जिवावर उभा आहे मी. न्यायाधीशांना सांगेन, लेखक स्वतः हजर आहेत." सर म्हणाले, "बघतो."

बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. निमित्त काय, तर आठव्या आवृत्तीची मुद्रितं द्यायची. वहिनी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. स्वयंपाकघराच्या टेबलावर सातही आवृत्त्यांची मुद्रितं त्यांनीच तपासली होती. स्वल्पविराम कुठे चुकला ते त्या सरांच्या आधी सांगायच्या. सर खुर्चीत गालाला हात लावून बसले होते. नवा शर्ट समोर हँगरवर. मी मुद्रितं टेबलावर ठेवली, तर वहिनींनी ती माझ्याकडेच परत सरकवली.

"मला सगळं सांगितलंय त्यांनी," वहिनी म्हणाल्या. मग सरांकडे वळून, "तुमच्या पुस्तकाचा एकेक शब्द वाचलाय मी. माझे रविवार गेलेत त्यात. लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी सूची तपासत होते. तर मला एक सांगा, ते सगळं मी एका चुकीच्या टिपेसाठी केलं, असं म्हणायचं का मी आता? की टीप बरोबर करणाऱ्या माणसासाठी केलं?"

"सगळे हसतील," सर म्हणाले.

"हसू देत. हसून झालं की घरी जेवायला या."

मी चहा न घेताच उठले. दारात वहिनी हळूच म्हणाल्या, "उद्या तुम्ही जा हो त्यांच्याबरोबर. जिना आहे तिथे."

न्यायालयाचा जिना खरंच उंच होता. सर दोनदा थांबले. अंगात जुनाच शर्ट होता. तेविसावा खंड पिशवीत, पिशवी माझ्या हातात. मागच्या बाकावर बाइंडर बसला होता, शेजारी त्याची मुलगी, शाळेच्या गणवेशात. वकीलबाईने घालायला सांगितला असावा. कोपरं उसवलेली होती, घरीच शिवलेली, आणि शिवण पुस्तकाच्या शिवणीसारखी सरळ होती. सर तिच्याकडे बघत राहिले.

युवराज उभा राहिला आणि त्याने आपलं काम चोख केलं. पुस्तक उघडलं, पान वाचलं, टीप वाचली आणि मागे वळून हात केला. "आणि आमच्या भाग्याने या ग्रंथाचे लेखक आज इथे उपस्थित आहेत."

न्यायाधीश वयस्क होते, तेही दमलेलेच दिसत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "या की पुढे, प्रोफेसर. आम्ही सगळे तुमच्यावरच जगतो."

सर पुढे गेले. एकतीस वर्षं कायदा शिकवला, पण त्या कठड्यापर्यंत ते पहिल्यांदाच जात होते. कठड्याला धरून ते म्हणाले, आणि या वेळी अगदी सगळ्यांना ऐकू गेलं, "टीप सत्तेचाळीस चूक आहे. निकाल उलटा आहे. खंड मी आणलाय."

युवराजचा हात तसाच वर राहिला. वकीलबाई ताडकन उठून उभी राहिली. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी पिशवीतून खंड काढून कारकुनाकडे दिला. न्यायाधीशांनी पान उघडलं आणि बराच वेळ वाचलं.

"तुम्ही हा निकाल वाचला नव्हता का, प्रोफेसर?"

"नाही. हेडनोट वाचली होती."

आणि हशा पिकला. मागच्या चार-पाच बाकांवरचे वकील, सगळे सरांच्या हातून शून्य घेतलेले. एक तर तोंडावर फाईल धरून हसत होता. मला त्यांच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. न्यायाधीशांनी टेबलावर पेन वाजवलं आणि विचारलं, "का बरं? खंड उपलब्ध नव्हता?"

सरांनी मागे वळून पाहिलं नाही. "होता," ते म्हणाले. "ग्रंथालयात होता. मागितला असता तर मिळाला असता. मीच गेलो नाही."

युवराजने पुस्तक मिटलं. "मला पुढे काही म्हणायचं नाही," तो म्हणाला आणि बसला. सरांकडे त्याने बघितलं नाही. अजूनही बघत नाही म्हणे. मुलीला सोमवारपासून शाळेत बसू द्यावं, परीक्षेचा फॉर्म घ्यावा, प्रार्थनेच्या वेळी ती हजर राहील तेवढं पुरे, असा हुकूम झाला. तिला तो नीट कळला नसावा. तिने बापाला विचारलं, "म्हणजे जायचं?" बापाने मान हलवली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. प्रकाशकाने आठवी आवृत्ती थांबवली. सभागृहाच्या नावाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. निरोप समारंभात प्राचार्य चार मिनिटं बोलले आणि घड्याळ बघितलं. पोरांनी 'तळटीप'च्या पुढे 'सत्तेचाळीस' जोडलं. सर नवा शर्ट घालून आले होते आणि दाढ काढल्यामुळे एका बाजूने हसत होते.

शेवटच्या दिवशी ते ग्रंथालयात आले. त्यांनी दुरुस्तीच्या पट्ट्या लिहून आणल्या होत्या, आपल्या हाताने, आमच्याकडच्या सात आवृत्त्यांच्या एकोणीस प्रतींसाठी एकोणीस. बाइंडरला मी बोलावून ठेवलं होतं. त्या दोघांनी टेबलावर बसून पट्ट्या चिकटवल्या. बाइंडर डिंक लावायचा, सर पान दाबून धरायचे. एकदा बाइंडर म्हणाला, "पोरीचे पेपर बरे गेले," आणि सर म्हणाले, "गणित?" आणि तो म्हणाला, "गणित अवघड होतं म्हणे."

बाइंडर गेल्यावर मी पर्स उघडली. महिनाभर ती चिठ्ठी मी घेऊन हिंडत होते. मी ती त्यांच्यासमोर ठेवली. बोलायला जे जुळवलं होतं ते सगळं विसरले. "सर, तुम्ही मागितला होता खंड. मी कळवलं नाही," एवढंच म्हणाले आणि मला रडू आलं. ग्रंथालयात मी कुणाला मोठ्याने बोलूही दिलं नव्हतं कधी.

सरांनी चिठ्ठी हातात घेतली. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. ते बघून मला कळलं, की कोर्टात त्या कठड्याशी उभं असताना त्यांना ती आठवत होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा सांडलेला चहासुद्धा आठवत असणार.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलं का नाही?"

"कळवायला सांगून मी अठ्ठावीस वर्षं बसून राहिलो, बाई. तीन पावलांवर फळी होती." त्यांनी चष्मा पुसला. "मी एकदाही विचारायला आलो नाही. आलो असतो तर तुम्ही भांडून का होईना, दिला असता."

मग त्यांनी तेविसावा खंड पुढे ओढला, मागच्या खिशातलं कोरं कार्ड काढलं आणि पहिल्या ओळीवर सही केली.

"आज तुमचा शेवटचा दिवस आहे," मी नाक पुसत म्हटलं. "उद्यापासून तुम्हाला पुस्तक नेता येणार नाही. नियम आहे."

"आजची तारीख टाका की," सर म्हणाले. "आज नेतो. पूर्ण वाचायचाय."

मी तारखेचा शिक्का मारला. ते खंड काखेत धरून जिन्याकडे गेले. मी चिठ्ठी उलटी केली, मागे लिहिलं, 'खंड आला आहे,' आणि त्यांच्या मागे धावत जाऊन ती पहिल्या मजल्यावर त्यांच्या हातात दिली. ते नोटीस बोर्डासमोर दम खात उभे होते.